हात खाली कधी करायचा

वटार, वसई
४ ऑगस्ट २०२४

ती. आग्नेसआत्यास,
ज्युलीचा सा. न. वि. वि.

मोबाईलवरच्या निरोपाला ना शेंडा ना बुडखा, लिहायचं तर शाईने लिही, असा तुझा हुकूम तुझ्या फ्लॉईडने कळवला. म्हणून आज चर्चमधली मिस्सा आटोपून आले, निकोलसला कांदे चिरायला बसवलं आणि लिहायला घेतलं. तो म्हणतो, आत्याला सांग की कांद्यामुळे रडतोय, बायकोमुळे नाही.

आत्या, यंदा मला सहावीचा वर्ग मिळाला. जिन्याजवळचा, तू ज्या वर्गातून निवृत्त झालीस तोच. खिडकीतून केळीची वाडी अजून दिसते, आणि मुलं अजून धड्यापेक्षा वाडीकडेच जास्त बघतात. मोठ्या बाईंनी ठरवलंय की प्रत्येक वर्गाने वर्षभर एक प्रकल्प करायचा आणि फेब्रुवारीत प्रदर्शन भरवायचं. कुणी किल्ला घेतला, कुणी पाणी, कुणी पक्षी. ध्वनीचा धडा पुस्तकात बराच मागे आहे, पण मी तोच पुढे ओढला. तू नाक मुरडणार हे माहीत आहे. प्रकल्प म्हणजे पुठ्ठा, गोंद आणि आईबापांची झोपमोड, हे तुझं वाक्य मी विसरलेले नाही. पण आमच्या प्रकल्पात पुठ्ठा नाही.

पहिल्या आठवड्यात वाडग्यावर फुगा ताणून बसवला, वर तांदळाचे दाणे ठेवले आणि शेजारी थाळी वाजवली. दाणे नाचायला लागले तशी मुलंही नाचायला लागली. जेन्सन दुसऱ्या दिवशी आईची लग्नातली परात घेऊन आला. तिच्या दणक्याने दाणे उडाले आणि सातवीच्या बाई उठून विचारायला आल्या.

मग गजराच्या घड्याळाचा प्रयोग केला. प्रार्थनेच्या हॉलमध्ये एकेका मुलाने घड्याळाकडे पाठ करून हात वर धरायचा आणि हळूहळू दूर चालायचं. टिकटिक ऐकू यायची थांबली की हात खाली. बहुतेकांचे हात हॉलच्या मध्यापर्यंत खाली आले. एक मुलगी मात्र हात वर धरून थेट पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकली. स्वप्नाली तिचं नाव. खाडीकडच्या पाड्यातून येते, बाप रिक्षा चालवतो. हुशार आहे पण हट्टी, अर्धा वेळ स्वतःच्याच तंद्रीत असते. मुलं हसली. मला राग आला. मी तिला पुढे बोलावून सांगितलं की विज्ञानात खोटं चालत नाही, ऐकू येत नसेल तर नाही म्हणावं. ती रडली नाही आणि चूक झाली असंही म्हणाली नाही, नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं.

आता मुख्य काम. प्रकल्पाचा दुसरा भाग म्हणून मुलांनी गावचे आवाज शब्दांत लिहायचे आहेत. ज्याने ते बरेच दिवस ऐकले नाहीत, त्याला वाचून ऐकू यावेत असे. ते तुला पाठवू का? तू वटार सोडून दोन वर्षं झाली. फ्लॉईड सांगत होता की हल्ली तू कानाचं मशीन दिवसभर घालतेस. ऐकून फार बरं वाटलं.

निकोलसचा नमस्कार. माया आहे तशीच असू दे, आणि उत्तराला उशीर करू नकोस.

तुझी,
ज्युली


नाशिक रोड
१३ ऑगस्ट २०२४

चि. ज्युलीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर सुधारलंय. ऱ्हस्व-दीर्घ नाही सुधारलं. निकोलसला सांग, कांदा चिरण्याआधी पाण्यात टाकावा, बायकोला कुठे टाकायचं ते त्याने ठरवावं.

मुलांची पत्रं अवश्य पाठव. लाल पेन काढून ठेवलं आहे.

इकडे माझं बरं चाललं आहे. फ्लॉईड सकाळी कारखान्यात जातो, सूनबाई प्रिन्सी घर सांभाळते, मी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. जेवायला वेळेवर मिळतं. तक्रार करायला जागा नाही, हीच काय ती तक्रार.

आता त्या मुलीबद्दल. ज्युली, ती खोटं बोललेली नाही. नीट विचार कर. आवाज थांबला हे कुणाला कळतं? ज्याला तो आधी आला त्याला. तिच्या कानाशी टिकटिक आलीच नसेल तर हात खाली कधी करायचा हे तिला कसं कळणार? एरवी ती दुसऱ्यांकडे बघून हात वर-खाली करत असेल. तू तिला एकटीला चालवलंस, तेही पाठ करून. बिचारीने कुणाकडे बघायचं? ती तुझ्या तोंडाकडे बघत राहिली म्हणतेस. ती तुझे ओठ बघत होती.

तुला वाटेल, म्हातारीला सगळीकडे आपलंच दिसतं. दिसतंच. मी इथल्या चर्चमध्ये हेच करते. लोक उठले की उठते, हसले की हसते. फादर काय बोलतात ते त्या प्रभूला आणि फादरना माहीत.

उद्या वर्गात तिच्या मागे उभी राहून नेहमीच्या आवाजात काहीतरी बोल. इतर मुलांना कळू देऊ नकोस. एकदा नाही, चारपाच वेळा, वेगवेगळ्या दिवशी.

आणि एक सांगते, फ्लॉईडला सांगू नकोस. मशीन माझ्या कानात असतं हे खरं. पण त्याचा सेल टेबलावरच्या डबीत असतो. पहिल्याच दिवशी मशीन लावलं तेव्हा प्रिन्सी स्वयंपाकघरात तिच्या आईशी फोनवर बोलत होती. म्हणाली, मम्मींशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं सोपं. तिने वाईट मनाने म्हटलं नसेल. पण त्या दिवशी मी सेल काढला. लोकांना मशीन दिसलं की समाधान होतं, मला शांतता मिळते. दोन्ही पक्ष खूश.

मुलीचं काय झालं ते ताबडतोब लिही. आठवण काढत असते, तुम्हीही काढत जा.

तुझी आत्या,
आग्नेस


वटार
२५ ऑगस्ट २०२४

ती. आग्नेसआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दुसऱ्या दिवशी वर्गात जायची मला भीती वाटत होती.

तू सांगितलंस तसं केलं. मुलं चित्रं काढत होती. मी स्वप्नालीच्या मागे उभी राहून म्हटलं की तुझं चित्र सुंदर झालंय. चार बाकांवरच्या मुलांनी माना वळवल्या, तिने नाही. पुन्हा दोन दिवसांनी नळावर. पुन्हा परसबागेत, ती मिरचीच्या रोपाला काठी बांधत होती तेव्हा. आत्या, तिला माझी चाहूलही लागली नाही. मी समोर गेले तेव्हा ती दचकली आणि लगेच हसली. ते हसू मी आजवर निर्लज्जपणाचं समजत होते.

मग मागच्या वर्षांची प्रगतिपुस्तकं काढली. पहिलीपासून एकच शेरा, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत: ऐकत नाही. आम्ही सगळ्यांनी तो लिहिला, आणि एकीनेही तो शब्दशः घेतला नाही. मी तिला वर्गासमोर खोटारडी ठरवलं ते तर आहेच.

काल तिच्या घरी गेले. आई, शकू, अंगणात जवळा वाळवत होती. चांगली बाई आहे. तिने मला खुर्ची दिली, लिंबाचं सरबत केलं. आजी म्हणाली, "पोर लहानपनापासून घुमी. दहा वेला हाक मारा तवा एकदा वलते." लहानपणी कान वाहायचे, तेल घालून घालून थांबले, असं शकूने सांगितलं. मी म्हटलं की एकदा कान तपासून घेऊ. तेवढ्यात नवरा आला, परेश. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "माझी पोर बहिरी नाय, टीचर. तिला अभ्यास जमत नसेल तर मी घरी बसवतो. पन गावात हा शब्द काडू नका." उद्या तिच्या लग्नाच्या वेळी लोक हेच उगाळतील, असं शकू मला दारापर्यंत पोचवताना म्हणाली. अकरा वर्षांची मुलगी, आत्या.

स्वप्नाली ओटीवर बसून आमच्या तिघांच्या तोंडांकडे बघत होती. तिला सगळं कळलं असावं.

आता मी काय करू? जोर केला तर तो तिला शाळेतून काढेल. गप्प बसले तर पुढच्या वर्षी सातवीच्या बाई तोच शेरा लिहितील. तू इतकी वर्षं असल्या बापांना तोंड दिलंस, तूच सांग.

सेलचं मी कुणाला बोलले नाही. पण मला ते आवडलं नाही, एवढं तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. राग मानू नकोस, जीव लावते म्हणून बोलते.

तुझी,
ज्युली


नाशिक रोड
३ सप्टेंबर २०२४

चि. ज्युलीस,
अ. उ. आ.

राग मानला. दोन दिवसांनी गेला.

परेशला पुन्हा समजवायला जाऊ नकोस. बापाला बाहेरून येऊन सांगितलेलं कधी पटत नाही, त्याला स्वतःला दिसलं पाहिजे. त्याच्या रागाला भिऊ नकोस. पोरीची काळजी नसलेला बाप रागावत नाही, हो हो म्हणतो आणि रिक्षा घेऊन जातो.

तुझ्या प्रकल्पाचा काहीतरी उपयोग कर की. पालकसभा असेलच. भाषणं न देता आईबापांना मुलांबरोबर प्रयोग करू दे. घड्याळाचा नको, त्यात पोर पुन्हा उघडी पडेल. कागदी कपांचा दोऱ्याचा टेलिफोन घे. एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला मूल. कप कानाला घट्ट लावला की आवाज थेट कानात उतरतो, वाटेत सांडत नाही. मी घरी दोन कप घेऊन करून पाहिला. दुसऱ्या टोकाला खालच्या मजल्यावरची छोटी होती. मशीनशिवाय मला तिचं नाव ऐकू आलं. तिचं नाव मी गेली दोन वर्षं चुकीचं घेत होते.

एक अट. सगळ्याच मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं कर. एकटीला नको.

आणि मुलीची माफी मागितलीस का? पत्रात मला लिहून ती तिला पोचत नाही.

मुलांची पत्रं मिळाली. जेन्सनने पाववाल्याच्या भोंग्याचं वर्णन छान केलंय, "सर्दी झालेल्या बदकासारखा". सकाळी चहाबरोबर वाचलं आणि खरंच ऐकू आल्यासारखं झालं. शुद्धलेखन मात्र भयंकर आहे. लाल करून परत पाठवते आहे.

सुखी राहा.

आत्या


वटार
२९ सप्टेंबर २०२४

ती. आग्नेसआत्यास,
सा. न. वि. वि.

आज सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

आधी माफीचं. मी स्वप्नालीला बागेत एकटीला गाठलं, समोर बसले आणि सांगितलं की त्या दिवशी तू खोटं बोलली नव्हतीस, माझंच चुकलं, आणि हे मी वर्गातही सांगणार आहे. तिने विचार केला आणि म्हणाली की वर्गात नको, सगळे परत माझ्याकडे बघतील. म्हणून नाही सांगितलं. तिने मला एक मिरची तोडून दिली.

दोन आठवड्यांपूर्वी पालकसभा झाली. परेश येणार नाही असंच मला वाटत होतं. आला, पण फाटकाबाहेर रिक्षा चालू ठेवून आल्यासारखा, दारातच उभा. आम्ही हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरे ताणले होते. मुलांनी भिंतीकडे तोंड करून कप कानाला लावायचा, आईबापांनी दुसऱ्या टोकाने काहीतरी विचारायचं, मुलांनी मोठ्याने उत्तर द्यायचं. आईबाप कपात बोलायला इतके लाजत होते की मुलंच त्यांना शिकवत होती.

परेशची पाळी आली. घरी तो तिच्याशी ओरडूनच बोलतो, मी ऐकलं होतं. पण इथे चारचौघांत ओरडायची त्याला लाज वाटली असेल. त्याने कप तोंडाशी धरला आणि अगदी हळू विचारलं, जेवलीस का? ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "डबा संपवला. भाजी तिखट होती." त्याने कप आणखी जवळ धरला. मग आणखी काहीतरी विचारलं, ती हसली आणि उत्तर दिलं. मग आणखी एक. मागे रांग खोळंबली होती.

मग त्याने कप खाली ठेवला. तिथूनच, तेवढ्याच आवाजात, तिच्या नावाने हाक मारली. ती कप कानाला लावून पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी होती. त्याने जरा मोठ्याने हाक मारली. मग आणखी मोठ्याने. हॉलमधले सगळे वळून बघायला लागले. तिची वेणीसुद्धा हलली नाही.

तो माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा मी तुला सांगू शकणार नाही. म्हणाला, "मी तिला मारलंय, टीचर. ऐकत नाय म्हनून." आणि मग, "कुठं न्यायची तिला, सांगा."

तपासणी झाली. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, पण मशीनने पुष्कळ फरक पडेल असं डॉक्टर म्हणाले. मोजमाप दिलंय, मशीन यायला वेळ लागेल. तोवर मी तिला पहिल्या बाकावर घेतलंय आणि फळ्याकडे तोंड करून बोलायचं बंद केलंय. ही सवय मोडणं फार कठीण आहे. सगळा वर्ग मला आता टोकतो.

ही तुझी कमाई आहे, आत्या. वर्गातल्या मुलांनी लाल शेऱ्यांबद्दल आभार मानायला सांगितलंय, खोटं वाटेल पण खरं आहे. अशीच आमच्यावर लक्ष ठेवून राहा.

तुझी,
ज्युली


वटार
८ डिसेंबर २०२४

ती. आग्नेसआत्यास,
सा. न. वि. वि.

नाताळची तयारी सुरू आहे, बाळयेशूच्या गोठ्याचं गवत निकोलसने आणून ठेवलंय आणि मांजराने त्यात बस्तान बसवलंय. पण आज पत्र लिहिते आहे ते वेगळ्या कारणासाठी.

स्वप्नालीचं मशीन आलं. पहिल्या दिवशी ती ते लावून वर्गात आली तेव्हा मुलं चांगली वागली, मी आधी बोलून ठेवलं होतं. पण मधल्या सुट्टीत बाकं सरकली आणि तिने दोन्ही हातांनी कान दाबून धरले. पंखा, चपला, डबे, पोरांचा गलका, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मशीन काढून दप्तरात टाकलं आणि आता लावायलाच तयार नाही. मला म्हणाली की आधी बरं होतं, आता सगळं ओरडतं. डॉक्टर सांगतात, सवय होईल, थोडं थोडं लावा. शकू विनवते. परेशला वाटतं की तिने त्याच्यावर सूड उगवलाय. तो बिचारा तिच्यासमोर तोंडातून शब्द काढायला घाबरतो.

मी समजावून थकले. मला ऐकू येतं, माझ्या समजावण्याला काय किंमत? हे तिला एकच माणूस सांगू शकतं. पण आत्या, त्या माणसाचा सेल डबीत आहे. जे तू स्वतः करत नाहीस ते तिला सांग असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? म्हणून म्हणत नाही. फक्त कळवते.

सणाला तुझी उणीव भासेल. आमचा सगळ्यांचा नमस्कार गोड मानून घे.

तुझी,
ज्युली


नाशिक रोड
१५ डिसेंबर २०२४

चि. स्वप्नालीस,
अ. उ. आ.

मी आग्नेस आजी. तुमच्या वर्गाची पत्रं लाल पेनाने रंगवणारी ती मीच. तुझ्या बाई माझ्या भाची लागतात, त्यांनाही मी असंच छळते.

तू मशीन काढून ठेवलंस असं कळलं. मी तुला रागावणार नाही, कारण मीही तेच केलंय, आणि तुझ्यापेक्षा लबाडीने. तू निदान सरळ दप्तरात टाकलंस. मी ते कानात घालून बसते आणि सेल काढून ठेवते. घरच्यांना वाटतं, आजीला ऐकू येतं. हे अजून त्यांना माहीत नाही, तेव्हा तूही कुठे बोलू नकोस.

सगळं ओरडतं हे तुझं म्हणणं अगदी बरोबर आहे. डॉक्टरांना ते कळत नाही, कारण त्यांच्या कानांनी जन्मापासून निवडायला शिकलेलं असतं. कुठलं घ्यायचं, कुठलं सोडायचं. आपल्या कानांना तो धडा मिळालाच नाही. तो आता शिकायचा. तू लहान आहेस, लवकर शिकशील. मी म्हातारी आहे, मला उशीर लागेल. पण एकटीने करायचा मला कंटाळा येतो.

तर आपण दोघी मिळून एक प्रकल्प करू या का? पुठ्ठा-गोंद काही नको. रोज थोडाच वेळ, शांत जागा निवडायची आणि मशीन लावायचं. गर्दीत नाही, वर्गात नाही. त्या वेळात एक नवा आवाज ओळखायचा. ओळखला की मशीन काढायची मुभा. महिन्याने एकमेकींना लिहायचं. जिचे आवाज कमी भरतील तिने दुसरीला सुकेळी खाऊ घालायची. वसईसारखी सुकवलेली केळी इथे मिळत नाहीत, म्हणून मी हरायला तयार नाही हे आधीच सांगते.

आजपासून मी सेल घालते आहे. तू कधीपासून ते कळव.

आईबाबांना नमस्कार, तुला पोटभर प्रेम.

तुझी,
आग्नेस आजी


१२ जानेवारी २०२५

ती. आग्नेस आजीला,
स्वप्नालीचा सा. नमस्कार.

मी पन त्याच आठवड्यात सुरू केलं. टीचर म्हणाल्या शुद्धलेखन तपासून देऊ का, मी नको म्हटलं, तुम्हाला लाल पेन लागतं.

मी घरामागे बसते. तिथे कोनी येत नाही. पहिल्या दिवशी खूप वेळ काहीच ओळखता आलं नाही. मग कळलं की खसखस आवाज माझ्याच फ्रॉकचा आहे. मला माहीत नव्हतं की कपडे वाजतात. मग पेन्सिलीचा. पेन्सिल कागदावर वाजते. मग पानी भरताना हंडा आधी जाड वाजतो आणि भरत आला की बारीक वाजतो. मी टीचरना सांगितलं तर त्यांनी ते फळ्यावर लिहिलं आणि सगळ्या वर्गाने बाटल्यांमध्ये पानी भरून बघितलं. माझं बरोबर निघालं.

एक वाईट आवाज पन आहे. माझी आजी दिवसभर एकटीच बडबडते. मला वाटायचं ती नुसते ओठ हलवते, म्हनजे प्रार्थना करते. ती मला शिव्या देते. बाबांना पन देते. कोंबडीला सगळ्यात जास्त देते. मी एकदा तिला मागून म्हटलं, मी ऐकलं. ती एवढी घाबरली की तिच्या हातातलं सूप पडलं. आता ती अंगनात जाऊन बडबडते.

बाबा आता ओरडत नाहीत. ते खूप हळू बोलतात. एवढं हळू की मशीन लावून पन कधी कधी ऐकू येत नाही. मी त्यांना सांगितलं, जरा मोठ्याने बोला. तर आई हसायला लागली आणि मग रडायला लागली. मोठ्या माणसांचं मला कळत नाही.

वर्गात मी भाषेच्या आणि विज्ञानाच्या तासाला लावते. मधल्या सुट्टीत नाही. माझे एकवीस आवाज झाले. तुमचे किती?

प्रदर्शनात ध्वनीच्या टेबलावर मी उभी राहनार आहे. तुम्ही या. नाही आलात तर मला वाटेल तुम्ही हरलात.

तुमची,
स्वप्नाली


नाशिक रोड
१८ फेब्रुवारी २०२५

चि. ज्युलीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. प्रदर्शन उत्तम झालं, पुठ्ठा होता पण बेताचा. तुझं कौतुक तिथे सगळ्यांनी केलंच आहे, मी करून तुला बिघडवणार नाही. मी आवाजांमध्ये हरले हे तू स्वप्नालीकडून ऐकलंच असशील. त्या सुकेळ्यांचे पुडे मला वसईच्याच बाजारात घेऊन तिला द्यावे लागले, याहून मोठा अपमान नाही.

तू पाहुण्यांबरोबर वरच्या वर्गात गेलीस तेव्हा खाली काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. स्वप्नालीच्या टेबलाशी एक गृहस्थ आले. तिच्या कानाकडे बघून, तोंड मोठमोठं करून, बहिऱ्याशी बोलतात तसं ओरडून विचारलं की हे काय लावलंय? मी पुढे होणार होते. पोरीने मला हाताने थांबवलं. म्हणाली, "काका, हळू बोला. ओरडलं की शब्द फाटतात." आणि त्यांच्या हातात कागदी कप देऊन त्यांना पलीकडच्या भिंतीशी पाठवलं. ते गेले, आत्ता पहिलीत बसल्यासारखे. त्यांच्यामागे रांग लागली.

मग अंगणात लेझीमचा ढोल सुरू झाला. माझं डोकं भणाणलं. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि दोघींनी एकाच वेळी कानाकडे हात नेऊन मशीन बंद केलं. आम्ही पायरीवर बसून सुकेळी खाल्ली आणि लेझीम नुसतं डोळ्यांनी बघितलं. फार सुंदर दिसतं ते तसं. परेश लांबून बघत होता. त्याला वाटलं काही बिघडलं, धावत आला. तिने त्याला खुणेने सांगितलं, सुट्टी चालू आहे.

आता माझ्या घरचं सांगते, ते फ्लॉईडलाही अजून सांगितलेलं नाही.

येताना गाडी प्रिन्सी चालवत होती. फ्लॉईडला सुट्टी नव्हती म्हणून तीच मला घेऊन आली होती, ते तू पाहिलंस. तिच्या गाडीत मी यापूर्वीही बसले आहे, पण आम्ही कधी बोललो नाही. बोलणार कशा? चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघायचं असतं. तिचे ओठ मला दिसत नाहीत आणि ओरडायचा तिचा स्वभाव नाही. त्यामुळे गाडीत बसलं की आम्ही दोघी आपापल्या खिडकीतून बघायचो.

परवा चिंचोटीचा फाटा मागे पडला आणि ती बोलायला लागली. आधी स्वतःशीच बोलतेय असं वाटलं. सेल घातलेला होता, पण मी काही हालचाल केली नाही. भिवंडी गेलं, घाट लागला, ती बोलतच होती. लग्नाआधी तिने शिक्षिकेचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता, हे मला माहीत नव्हतं. पहिली नोकरी लागायच्या वेळी लग्न ठरलं आणि नाशिकला आली, मग राहिलंच. आज तुमची मुलं बघून तिला रात्रीच्या जेवणाचा विसर पडला, म्हणाली. आमच्या गल्लीतल्या शाळेत जागा आहे, पाचवी-सहावीसाठी. तिने अर्ज मागवून ठेवलाय आणि कुणाला सांगितलेलं नाही. इतकी वर्षं मध्ये गेली, आता मुलांसमोर उभं राहायची भीती वाटते.

घाट संपला. मग समोर रस्त्याकडे बघत, आवाज जराही न चढवता तिने विचारलं, "मम्मी, मला जमेल का?"

मी म्हटलं, जमेल.

तिने गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. तिने उत्तराची अपेक्षाच केली नव्हती, ज्युली.

तर तुझे सगळे प्रयोग, साहित्यासकट, नीट लिहून पाठव. मला नको आहेत, तिला हवे आहेत. आणि सोपं लिही, तिने काल अर्ज दिला आणि मुलाखत मार्चच्या दुसऱ्या सोमवारी आहे.

निकोलसला आशीर्वाद. आमच्या दोघींचं प्रेम, या वेळी दोघींचं, घ्यावं.

तुझी आत्या,
आग्नेस